वकील हलवण्याचं शास्त्र

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

काम मिळालं. काचेच्या फर्मच्या मॅनेजिंग पार्टनर बाईंनी स्वतः फोन केला. (त्याआधी मी त्यांना सतरा केले होते. पण अठरावा त्यांचा.) फर्मचं खरं नाव इथेसुद्धा लिहिणार नाही. सगळी इमारत काचेची, म्हणून काचेची फर्म. गुप्तता हा या धंद्याचा प्राण आहे.

लेबर लॉसाठी एक वजनदार वकील हवाय, जमल्यास ज्युनियरसकट. मुदत ३१ मार्च.

वकिलाला एका फर्ममधून अलगद उचलायचं आणि दुसरीत ठेवायचं, हे माझं काम. लोक याला नोकऱ्या लावून देणं म्हणतात. म्हणोत बापडे. दोन वर्षांत मी एक वकील हलवला. तो आठ दिवसांत मूळ फर्ममध्ये परत गेला. म्हणजे दोन मूव्ह झाल्या.

बायकोला कबूल केलंय की ३१ मार्चपर्यंत हे जमलं नाही तर ऑफिस बंद करून पूर्वीसारखी फोटोकॉपी मशिनं विकायला जाईन. ती म्हणाली, लिहून दे. दिलं. सहीखाली तारीखसुद्धा टाकली.

संकल्प: १) कमी बोलणे. २) समोरच्याला बोलू देणे. ३) गुप्तता. ४) मीटिंगमध्ये बिस्किटांना हात लावायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३

माणूस हेरला. जिन्याची फर्म म्हणून एक जुनी फर्म आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथे एकोणीस वर्षं कामगारांच्या केसेस लढवणारा एक उंच, शांत वकील. टायर कंपनीच्या केसमध्ये त्याने काचेच्या फर्मला चार वेळा पाणी पाजलंय. म्हणून तर बाईंना तोच हवा. ज्याला हरवता येत नाही त्याला कामावर ठेवायचं. मला हे लगेच पटलं.

कॉफी शॉपमध्ये भेटलो. पन्नास मिनिटं. मी त्याला मार्केट, करिअर, काचेच्या इमारतीतून दिसणारी नदी, सगळं समजावून सांगितलं. तो एकूण अकरा शब्द बोलला, त्यातले चार वेटरशी. माणूस मनातून तयार आहे. अशांचं थोडंसंच वर दिसतं, बाकी सगळं पाण्याखाली. कोडनेम: हिमनग.

निघताना मात्र त्याने विचारलं, तुमच्या ऑफिसात बसतात ते कोर्टातले जुने स्टेनो का. म्हटलं, हो, माझे सासरे, रिटायर झालेत, घरी करमत नाही म्हणून बसतात. आणि कौशल्याने विषय परत नदीवर आणला.

बिस्किटं: दोन. पण ती कॉफीबरोबर आपोआप येतात. धरायची नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो असताना हिमनग न सांगता ऑफिसात येऊन गेला. दीड तास सासऱ्यांशी गप्पा. मी त्यांना बाबा म्हणतो. विचारलं, बाबा, काय म्हणत होते ते. तर म्हणाले, त्यांच्या आईचे गुडघे दुखतात. मग आणखी काय. आणखी तेच, म्हणाले, गुडघे दोन असतात.

दीड तास, आणि मार्केटबद्दल एक शब्द नाही. बाबांना काय बोलणार. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं त्यांनी. स्वतःहून संभाषणाला वळण द्यायची सवयच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

गुप्तता यादी तयार केली. प्रत्येकाचं खरं नाव डावीकडे, कोडनेम उजवीकडे. हिमनग. त्याच्या हाताखालची ज्युनियर वकील: टाचणी (बारीक आहे आणि टोचून बोलते). त्याच फर्ममधला एक अखंड बोलणारा: रेडिओ. काचेच्या फर्मच्या बाई: महाराणी. यादीच्या तीन प्रती काढल्या. एक घरी, एक ऑफिसात, एक खिशात. आता शत्रूच्या हाती काही लागणं शक्य नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मूळ यादी सापडत नाही. प्रती तिन्ही आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मूळ यादी खालच्या फोटोकॉपीच्या दुकानात, मशिनच्या झाकणाखाली राहिली होती. दुकानदार चांगला माणूस आहे, त्याने ती ज्याची त्याला पोचवायची म्हणून वरची नावं वाचली आणि जिन्याच्या फर्ममध्ये नेऊन दिली. त्यांचं सगळं कॉपीचं काम तोच करतो.

पंधरा वर्षं ही मशिनं विकली. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, साहेब, मूळ कागद काढायला विसरू नका.

घाबरण्याचं कारण नाही. कोडनेम होतीच ना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रेडिओचा फोन आला. अर्धा तास. पहिल्यांदा म्हणाला की तो मुळीच जास्त बोलत नाही. शेवटीही तेच म्हणाला. मध्ये काय म्हणाला ते आठवत नाही.

ऐकतो ते असं की आता जिन्याच्या फर्ममध्ये सगळे हिमनगाला तोंडावर हिमनग म्हणतात आणि तो ओ देतो. म्हणजे नाव त्याला आवडलं. कँडिडेटशी नातं असं जुळावं लागतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १२.३०

टाचणी आली. मला वाटलं भांडायला. तर म्हणाली, तुम्ही मला टाचणी म्हणालात ते ठीक आहे, टाचण्या कामाच्या असतात. मला फर्म बदलायची आहे, त्यासाठी आलेय. आठ वर्षं हिमनग सरांचे ड्राफ्ट मी लिहिते, आता स्वतः उभं राहून बोलायचंय.

मी तिला प्रेमाने समजावलं की या बाजारात तिला तूर्त किंमत नाही, कारण तिच्यामागे क्लायंट येणार नाहीत. ती म्हणाली, बरं. आणि उठून बाहेरच्या खोलीत बाबांपाशी बसली. दारातून दिसत होतं: ती बोलतेय, बाबा ऐकताहेत. बाबा एकदाच काहीतरी बोलले. ती हसली आणि गेली.

काय सांगितलंत, विचारलं. म्हणाले, उभं राहून बोलायचं तर उभं राहा म्हटलं, त्यासाठी इमारत कशाला बदलायची. पुढच्या तारखेला सरांना सांग, आज मी बोलते.

झालं. एक कँडिडेट घरबसल्या घालवला. बायकोला सांगितलं की बाबांना दुसरा काही छंद लावून देता येईल का. ती म्हणाली, त्यांचा तोच छंद आहे. आणि मला म्हणाली, तू लावून घे एखादा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०

एक किरकोळ तांत्रिक मुद्दा निघालाय. काचेची फर्म टायर कंपनीची वकील. हिमनग त्याच कंपनीने काढून टाकलेल्या एकशे चाळीस कामगारांचा वकील. तो इकडे आला की त्याला ती केस सोडावी लागेल, आणि सहा वर्षं लढून ती आता शेवटाला आलीय.

मी बाबांना सहज म्हटलं की एक केस सुटली तर दुसऱ्या मिळतात. बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, त्या केसमधली पहिली साक्ष मीच टिपली. मोल्डिंग मशिनवरचा माणूस होता. उजव्या हाताला चारच बोटं. शपथ घेताना कुठला हात वर करू असं त्याने जजसाहेबांना विचारलं.

मग चष्मा लावला आणि पेपर उघडला.

माझ्याकडे याला उत्तर होतं, पण ते उद्यापर्यंत सुचेल.

२६ फेब्रुवारी

सुचलं नाही. कामात आहे.

३ मार्च, सोमवार

हिमनगाच्या वेळेची बचत व्हावी म्हणून त्याचा राजीनामा मीच लिहून दिला. दोन पानं. “जड अंतःकरणाने” चार वेळा आलंय. त्याने वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि परत दिला. म्हणजे मजकुरावर त्याचा आक्षेप नाही.

महाराणींना कळवलं: नव्वद टक्के.

१० मार्च, सोमवार

महाराणींना कळवलं: पंच्याण्णव टक्के. मधल्या आठवड्यात हिमनगाचा एकही फोन नाही, त्यावरून वाढ केली. नाही म्हणणारा माणूस तातडीने कळवतो.

नवीन व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. नावाखाली: ‘वकील व फर्म स्थलांतर तज्ज्ञ’. बायको म्हणाली, याने लोकांचा गैरसमज होईल. मी म्हटलं, कसला. ती म्हणाली, होईल तेव्हा कळेल.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.४५

हिमनगाचा फोन. मॅनेजिंग पार्टनर बाईंना समोरासमोर भेटून काही सांगायचंय, आणि ते तुमच्या ऑफिसात जमेल का. का तर म्हणे, जागा कोणाचीच नाही. मंगळवारी दुपारी चारला.

महाराणींना कळवलं: अठ्ठ्याण्णव. दोन टक्के नम्रतेचे ठेवले.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो, कारण पुढे कधी मी यावर व्याख्यान दिलं तर उपयोगी पडेल.

चारला दोघं आले. सहा वर्षं कोर्टात समोरासमोर उभे राहणारे, पण एका टेबलाशी पहिल्यांदाच. बाबा कोपऱ्यात होते. त्यांना घरी जा म्हणणार होतो, पण महाराणी त्यांना बघून चक्क उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझी आयुष्यातली पहिली उलटतपासणी तुम्ही टिपली होतीत. बाबा म्हणाले, हो, तुम्ही साक्षीदाराला तीन वेळा सॉरी म्हणाला होतात. त्या हसल्या. मी त्यांना आजवर हसताना पाहिलं नव्हतं.

मी प्रास्ताविक केलं. वीस मिनिटं. मग माझी ठरलेली चाल: कँडिडेट आणि फर्म यांना पाच मिनिटं एकटं सोडणे. कॉफी सांगून येतो म्हणालो आणि बाहेर पडलो. दार मागे आपोआप बंद झालं. किल्ली कोटात. कोट आत.

दार वाजवलं. हळू, कारण घाईत दिसायचं नव्हतं. कोणी उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. बाबांना कमी ऐकू येतं हे मान्य, पण त्या दोघांना तर येतं. शेजारच्या टेलरने विचारलं, बाहेर काढलं का. म्हटलं, ही पद्धत आहे.

दाराला कान लावणं प्रोफेशनल नाही. फक्त उजवा लावला. आधी हिमनग बोलत होता, बराच वेळ, एका दमात. इतकं बोलतो हे माहीत नव्हतं. मग बाई. मग पुन्हा हिमनग, आणि आवाज चढला, आणि बाईंचा त्याहून. मग बाबांचा आवाज, एकसुरी, पाठ म्हटल्यासारखा. मग फारच मोठी शांतता. मग कागदावर पेन.

ऑफर लेटर. मी टेलरशी हात मिळवला.

पाच चाळीसला दार उघडलं. तिघांचेही चेहरे प्रसन्न. हिमनगाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तुमच्यामुळे झालं. महाराणी म्हणाल्या, खरंच. आणि दोघं एकत्र खाली उतरले.

शंभर टक्के.

बाबांना विचारलं, माझं दार वाजवणं ऐकू आलं नाही का. म्हणाले, पहिलंच आलं. पण बोलणं चांगलं चाललं होतं.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ९.३०

पेनने लिहिलं ते ऑफर लेटर नव्हतं.

बाबांकडून काढून घेतलेली हकिकत अशी: हिमनग आला होता तो नाही म्हणायला. बाईंनी माझ्या ई-मेलचे टक्के त्याला वाचून दाखवले, तेव्हा त्याला खोकला आला. मग बाईंनी विचारलं, की मग तुम्हाला हवंय तरी काय. तो म्हणाला, मला काही नको, माझी माणसं परत कामावर घ्या. बाई म्हणाल्या, कारखान्यातली त्यांची शेड बंद झाली, घेणार कुठे. त्यावर वादावादी. तेव्हा बाबांनी सहा वर्षांपूर्वीच्या साक्षीत कंपनीच्या मॅनेजरने काय सांगितलं होतं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं: दुसऱ्या शेडमध्ये जागा होत्या, पण वरून कोणी विचारलंच नाही. दोघा वकिलांनी ते कागदावर कितीदा वाचलं असेल. पण त्या मॅनेजरच्या आवाजात ऐकलं नव्हतं.

मग दोघांनी मिळून तडजोडीचा मसुदा लिहिला. आता कंपनी आणि कामगार बघतील.

हे सगळं माझ्या टेबलावर, माझ्या पेनने, मी बाहेर असताना.

तरी बरं, वकील हलवण्याचा प्रश्न खुला आहे. केस मिटली म्हणजे हिमनगाला सोडायला केसच उरली नाही. अडथळा दूर झाला. मला हे कालच का नाही सुचलं.

२१ मार्च, शुक्रवार

ई-मेल. काचेच्या फर्मला लेबर लॉचा वकील नकोय. ज्या एका केससाठी हवा होता ती मिटतेय, कंपनीने होकार कळवलाय. माझ्या प्रयत्नांबद्दल आभार. दर बुधवारी बाबांना त्यांच्याकडे येता येईल का, अशी विचारणा. गाडी पाठवतील. दोन पक्ष समोरासमोर बसवायचे असले की त्यांना असा माणूस लागतो जो ऐकतो.

खाली सही: आपली, महाराणी.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ४

ऑफिसचा पंखा पुसला. फायली लावल्या. एकूण फायली तीन.

कामगारांची सभा झाली काल. मान्य केलं त्यांनी. नव्वद जणांना कामावर घेणार, उरलेल्यांचं वय झालंय, त्यांना भरपाई. आज कोर्टापुढे मसुदा मांडायला टाचणी उभी राहिली, म्हणाली, आज मी बोलते, आणि हिमनग मागच्या बाकावर बसून राहिला. बाबा बघायला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, त्या मोल्डिंगवरच्या माणसाने मला ओळखलं.

मलाही थोडं बरं वाटलं. का ते कळलं नाही. माझा तर यात तोटाच झालाय.

बायकोने त्या लिहून दिलेल्या कागदाचा विषय काढला नाही. हे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट असतं. मीच म्हटलं, एकतीसला अजून सात दिवस आहेत. ती म्हणाली, हो, आहेत की. आणि माझ्या पानात वाढलं.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ११.२०

उभ्याउभ्या लिहितोय, अक्षराला क्षमा.

हिमनगाचा फोन. तो आता जिन्याच्या फर्मचा मॅनेजिंग पार्टनर झालाय. आवाज तसाच शांत. म्हणाला, तुमच्यासाठी काम आहे. अख्खी फर्म हलवायची आहे. बावीस वकील, सगळे एका दिवसात, येत्या रविवारी. तुम्हीच मॅनेज करा. बाबांशी बोललोय.

बावीस. रेडिओसकट. या क्षेत्रात एका दिवसात अख्खी फर्म उचलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कुठे हलवायचंय हे मी विचारलं नाही. गुप्तता. तो म्हणाला, पत्ता पाठवतो, आणि बरीच कपाटं आहेत. म्हटलं, प्रत्येकाची असतात. मनातल्या गोष्टी असतात माणसांच्या. तो जरा थांबला आणि हो म्हणाला.

बायकोला सांगितलं. तिने फोनवर नेमकं काय बोलणं झालं ते दोनदा विचारलं. मग तोंड फिरवून भांडी लावू लागली. खांदे हलत होते. इतकी भावुक होईल असं वाटलं नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

तयारी. प्रत्येक वकिलासाठी एक पान: स्वभाव, अपेक्षा, भीती. बावीस पानं. सूट इस्त्रीला दिला. बायको म्हणाली, जुनी पँट घाल. तिला या व्यवसायाचा पेहराव कधी समजला नाही.

बाबा म्हणाले, जावईबापू, कंबरेचा पट्टा आहे माझा, नेता का. म्हातारपणी माणूस असं काहीही बोलतो.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ६.४०

पडून लिहितोय.

सकाळी आठला सूट घालून जिन्याच्या फर्ममध्ये पोचलो. दारात दोनशे खोके, बावीस टेबलं, एकतीस कपाटं आणि सहा हमाल. हमालांचा मुकादम म्हणाला, तुम्हीच का साहेब, कुठून सुरुवात करू.

जागा जानेवारीतच घेतली होती म्हणे. चार गल्ल्या पलीकडे, लिफ्टवाली. क्लायंट बहुतेक कामगार, कित्येकांची वयं झालेली, तीन मजले चढताना धाप लागते. टायरच्या केसपायी कोणाला हलायला फुरसत नव्हती.

मी पाच मिनिटं जिन्यात बसलो. बावीस पानं मांडीवर होती. हिमनग शेजारी येऊन बसला. म्हणाला, फोनवर तुम्हाला नीट कळलं होतं ना. म्हटलं, अर्थात. तो म्हणाला, तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं की त्यांचं चाळीस वर्षांचं घर तुम्ही एका सकाळीत हलवलंत आणि एक कप फुटला नाही. त्यांनी सांगितलं, माणसाला या कामाची नजर आहे, त्याला स्वतःलाच माहीत नाही. मी काही बोललो नाही. संकल्प क्रमांक एक, पहिल्यांदाच.

मग कोट काढला.

बावीस पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर बावीस याद्या केल्या. खोल्यांना आकडे, खोक्यांना आकडे. आधी चालू केसेस, मग जुन्या, मग पुस्तकं, शेवटी खुर्च्या. रेडिओला खालच्या दारावर उभं केलं, मोठ्याने आकडे पुकारायला. त्याने दिवसभर एकही आकडा चुकवला नाही. टाचणीने वरच्या दारावर टिकमार्क केले. चारला शेवटचं कपाट नव्या भिंतीला टेकलं. एक फाइल हरवली नाही. सोमवारी नऊला फर्म उघडेल आणि सगळ्यांना आपापला कागद आपापल्या जागी सापडेल.

म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, एका फर्ममधून दुसऱ्या जागी, बावीस वकील. काय तो शब्दांचा खेळ बायकोने करावा.

ती आणि बाबा चहा घेऊन नव्या ऑफिसात आले होते. तिने तो लिहून दिलेला कागद माझ्या हातात ठेवला. म्हणाली, फाड. हात दुखत होते, तिलाच फाडायला सांगितलं.

निघताना वरच्या मजल्यावरच्या दोन फर्मचे लोक येऊन माझं नवीन कार्ड मागून घेऊन गेले. ‘स्थलांतर तज्ज्ञ’ वाचून खूश झाले. व्यवसाय अखेर रुळावर आला.

दोघांनीही एकच प्रश्न विचारला. टेम्पो तुमचा स्वतःचा आहे का.